ठरावाखाली सोडलेलं अर्धं पान

आमच्या गावात असं एकही घर नसेल, जिथे माझी सही नाही. कपाटात, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागच्या पिशवीत, कुठे ना कुठे 'खरी नक्कल' असा गोल शिक्का मारलेला कागद असतो आणि त्याखाली माझी सही असते. बत्तीस वर्षं मी नगरपालिकेत सभा लिपिक होतो. सभेत जे ठरलं ते वहीत लिहायचं आणि कुणी मागितलं की त्याची नक्कल द्यायची, हे माझं काम. नक्कल मी कधी चुकू दिली नाही. 'खरी' या शब्दाचं मात्र एक प्रकरण माझ्या अंगावर राहिलं आहे. या अंकासाठी संपादकांनी 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमतीजमती आहेतच, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग काय छापायचं ते ठरवावं.

गावाचं नाव लिहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं आहे. एक पाण्याची टाकी, एक बाजार, तीन तालमी आणि सतरा नगरसेवक. ओळखणारे ओळखतील, आणि त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

बाहेरच्या माणसाची समजूत असते की नगरपालिकेचे निर्णय सभेत होतात. सभेत चहा होतो, भजी होतात, क्वचित मारामारी होते. निर्णय सभेआधी अध्यक्षांच्या खोलीत होतो आणि सभेनंतर माझ्या टेबलावर. मधले दोन तास सगळेजण तो निर्णय गावाला कळू नये म्हणून मोठमोठ्याने बोलत असतात.

माझ्याकडे दोन वह्या असायच्या. एक कच्ची. सभेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी तीत पेन्सिलीने, जसं बोलणं होईल तसं उतरवून घ्यायचो. दुसरी पक्की, जाडजूड, पानांवर आकडे छापलेली. तिला सगळे प्रोसिडिंग म्हणायचे. दोन-चार दिवसांनी शांतपणे कच्चीवरून पक्कीत लिहायचं आणि अध्यक्षांची सही घ्यायची. पुढच्या सभेने 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्यात आले' असं म्हटलं की संपलं. मग त्यातला काना-मात्रासुद्धा कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

कच्चीतून पक्कीत जाताना भाषा आंघोळ करून, केस विंचरून यायची. कच्चीत असायचं, 'तुझ्या गटारीत तुलाच घालतो, ये भाईर.' पक्कीत व्हायचं, 'गटारीच्या विषयावर सन्माननीय सदस्यांनी सखोल चर्चा केली.' एकदा एका नगरसेवकाने दुसऱ्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला. मी लिहिलं, 'पाणीप्रश्नी सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' दोघांनीही वाचून मला शाबासकी दिली.

आणि एक रीत होती. ती मला माझ्या आधीच्या लिपिकाने शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. सभेचं सगळं लिहून झालं की शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान कोरं सोडायचं. ते कशासाठी, तर ऐनवेळच्या विषयासाठी. म्हणजे जो विषय सभेच्या नोटिशीत नव्हता, पण अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी घेतला गेला. हे खरं तर सभा चालू असतानाच व्हायला हवं. आमच्याकडे ऐनवेळ सभा संपल्यावर आठवड्यानेही यायची. त्या अर्ध्या अर्ध्या पानांत गावातल्या निम्म्या गटारी, दोन कमानी आणि एका पुतळ्याचा चौथरा बसला आहे.

गतिरोधकही तिथलेच. एका नगरसेवकाने नवा बंगला बांधला. जाणारे-येणारे गाडीवरून सुसाट जातात, बंगल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, ही त्याची अडचण. कोऱ्या पानात एक गतिरोधक बसला. मग समोरच्याने मागितला, मग विरोधी पक्षाने 'आमच्या वॉर्डावर अन्याय' म्हणून चार मागितले. शेवटी टाकीपासून बाजारापर्यंत चालत पाच मिनिटांच्या रस्त्यावर नऊ गतिरोधक झाले. एक एसटीचा ड्रायव्हर स्वतः अर्ज घेऊन आला होता: 'माझ्या मणक्याचा सहानुभूतीने विचार व्हावा.' मी त्याला आवक नंबर दिला. त्याच्या मणक्याचं काय झालं ते कळलं नाही, अर्ज अजून फायलीत आहे.

बांधकाम परवान्यांचं टेबल माझं नव्हतं, पण आमचा ओव्हरसिअर साळुंखे अक्षराने फार वाईट. तपासणीला गेला की अहवाल लिहायला मला घेऊन जायचा. त्या काळात लोकांना कुणीतरी सांगितलं की नकाशात खोलीऐवजी 'गोठा' दाखवला की कटकट कमी. झालं! गावात गोठ्यांची लाट आली. एका आठवड्यात आम्ही पाच गोठे तपासले. पहिल्या गोठ्यात एक म्हैस बांधली होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. दुसऱ्यातही कपाळावर ठिपका. तिसऱ्यात ती आम्हाला बघून ओळखीचं रेकली. पाचव्या गोठ्यात फरशी होती, खिडकीला जाळी होती, वर पंखा फिरत होता आणि त्याखाली तीच म्हैस रवंथ करत होती.

साळुंखेने मालकाला विचारलं, "पंखा कशाला?"

"म्हशीला उकडतंय की, सायेब."

"आणि ही म्हैस तुमचीच?"

"माझीच म्हंजी? वडगावच्या बाजारातनं सवता आणलीया. इचारा तिला."

तिला विचारण्यात अर्थ नव्हता, तिची साक्ष चार ठिकाणी झालेली होती. मी अहवालात लिहिलं, 'जागेवर जनावर आढळून आले.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला याचा अभिमान होता. खोटं लिहायचं नाही. खऱ्याची एखादी बाही कापायची, एखाद्या बटणाची जागा बदलायची. माझ्या त्या हिशेबाने मी सज्जन माणूस होतो. अख्खी नगरपालिका म्हणायची, भाऊसाहेबांनी लिहिलं की कुणाला टोचत नाही.

आता तालीम गल्लीच्या रस्त्याचं सांगतो.

टाकीकडून बाजाराकडे येणारा रस्ता मधे तालीम गल्लीतून जातो. दोन्ही बाजूंना बारा-तेरा जुनी घरं आणि प्रत्येक घरापुढे दगडी ओटा. संध्याकाळी गल्ली घरात नसायचीच, ओट्यावर असायची. नगरपालिकेने रस्ता रुंद करायचा ठरवला, आणि नकाशावरची रेघ या ओट्यांवरून गेली. समोरच्या बाजूला मोठी मोकळी जागा होती. ती अध्यक्षांच्या मेव्हण्याची. रेघ तिच्याजवळ आली आणि लाजून वळली.

रेघेत जागा जाणाऱ्यांची संमती असली की काम सोपं होतं, नसली की जागा ताब्यात घेण्याची रीतसर आणि लांबलचक वाट धरावी लागते, तीत कोर्टही येतं. म्हणून गल्लीचं म्हणणं ऐकायला त्यांच्यातल्या एकाला सभेत बोलावलं होतं. गल्लीने महादेवला पाठवलं. गल्लीत त्याला म्हादू म्हणायचे. ओट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. पुढारी वगैरे काही नाही, पण आवाज असा की पंक्चरचे पैसे सांगितले तरी बाजारात ऐकू जायचं. आणि गल्लीचा एक मान त्याच्या घरात होता. विसर्जनाच्या दिवशी तालमीचा गणपती उठवताना पहिला हात त्याचा. त्याच्या बापाचा होता, मग त्याचा. त्याने हात लावल्याशिवाय मूर्ती हलायची नाही.

तो दुकानातून तसाच उठून सभेला आला. हाताला ग्रीस. उभा राहिला आणि बोलला. ते मी तसंच देतो, कारण कच्च्या वहीत ते तसंच आहे.

"अध्यक्षसायेब, रस्ता पायजेच. आमी बी त्येच्यावरनंच जातोय. पर वट्यावरनं नगं. समोर तुमच्या मेव्हण्याची एवढी जागा मोकळी पडलीया, तितनं चार हात घ्या की. तितं काय म्हशी बांदायच्या हायत व्हय? आमच्या गल्लीचा इरोध हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊसायेब, लिवा."

मी लिहिलं. सभेत हशा झाला, अध्यक्षांनी चष्मा पुसला. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला.

"लिवलं का?"

"लिहिलं."

"इरोध?"

"विरोध."

त्याने वहीच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवून पान जरा स्वतःकडे वळवलं, बघितल्यासारखं केलं आणि समाधानाने गेला. ग्रीसचा काळा ठसा त्या पानावर आजही आहे.

दोन दिवसांनी अध्यक्ष माझ्या टेबलावरून जाता जाता म्हणाले, "भाऊसाहेब, त्या रस्त्याचं जरा गोड लिहा."

बस्स, एवढंच. ते आता हयात नाहीत, आणि सगळं त्यांच्यावर ढकलणं मला सोपं होतं. पण ते एवढंच म्हणाले होते. 'सांगोपांग चर्चेअंती' एवढं लिहिलं असतं तरी त्यांचं काम भागलं असतं. पुढची अक्कल माझी. शेवटच्या ठरावाखालचं अर्धं पान कोरं होतं. मी पेन उघडलं आणि लिहिलं:

'तालीम गल्लीतील रहिवाशांचे वतीने श्री. महादेव यांनी सभेत समक्ष उपस्थित राहून रस्ता रुंदीकरणास स्वखुशीने संमती दर्शविली, त्याबद्दल सभागृह त्यांचे आभार मानते.'

मला बढती हवी होती, कुणाची भीती होती, घरी काही अडचण होती, असं काही लिहिलं तर वाचकांना बरं वाटेल. तसं काही नव्हतं. वाक्य जमलं होतं. 'समक्ष', 'स्वखुशीने' आणि शेवटी आभार! मी ते दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

पुढच्या सभेने इतिवृत्त कायम केलं. मग गल्लीत नोटिसा गेल्या, आणि नोटिशीत या ठरावाचा नंबर. लोक नक्कल मागायला आले. मी शिक्का मारून, सही करून दिल्या. दिवसाला चार-पाच जायच्या.

तानूआक्का म्हणून गल्लीतली एक बाई आहे. तालमीच्या शेजारचं घर. वाचता येत नाही, पण बाकी सगळं येतं. तिने नक्कल कुणाकडून तरी वाचून घेतली आणि महादूच्या दुकानापुढे उभी राहून विचारलं, "काय मिळालं रं तुला? गाळा दिला का बाजारात?"

"आक्का, मी इरोध केलता. देवाशपथ!"

"मंग सभागृह कशाला आभार मानतंय तुझं? गल्ली इकून आलास, वर आभार घिऊन आलास!"

त्या दिवसापासून त्याचं नाव 'आभार' पडलं. आभार आला, आभार गेला, आभार हवा भरून द्या. माझ्या वाक्यातला मला सगळ्यात आवडलेला शब्द गल्लीने उचलून त्याच्या कपाळाला चिकटवला.

तो माझ्याकडे आला. ओरडत येईल म्हणून मी आत जाऊन बसलो होतो, पण तो हळू आवाजात बोलला. त्याचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"भाऊसायेब, चुकून झालंय न्हवं? दुरुस्त करा की."

"इतिवृत्त कायम झालं. आता बदलता येत नाही." हे नियमाप्रमाणे अगदी बरोबर होतं.

"मंग कागदात नगा बदलू. पर गल्लीत येऊन तोंडानं तरी सांगा, मी काय बोललोतो. तुमचं ऐकत्यात लोकं."

"बघतो," मी म्हणालो.

सरकारी कचेरीतलं 'बघतो' म्हणजे काय, हे ज्याने अर्ज केला आहे त्याला सांगायला नको. माझं 'बघतो' एकोणीस वर्षं चाललं.

ओटे गेले. महादूचं दुकान ओट्यावरच होतं, ते ओट्याबरोबर गेलं. तो स्टँडजवळच्या लिंबाखाली पंप घेऊन बसायला लागला, तर लोक म्हणायचे, गाळा भाड्यानं दिलाय आणि हितं नाटक करतंय. त्या वर्षी विसर्जनाला तो नेहमीसारखा पुढे आला. तालमीतल्या कुणीतरी त्याचा हात बाजूला केला. "आभार मानल्याला माणूस, तुमी लांबनंच बगा." मी त्या गर्दीत होतो. मिरवणुकीच्या परवानगीचा कागद द्यायला गेलो होतो. महादूने मला बघितलं. मी कागद बघितला.

पुढच्या वर्षी तो घर बंद करून गारगोटीला मुलीकडे राहायला गेला.

रस्त्याचं काय झालं तेही सांगितलं पाहिजे. तालीम गल्लीपुरता तो रुंद झाला. पुढे मेव्हण्याच्या जागेपाशी पुन्हा अरुंद, मागे टाकीपाशी आधीपासूनच अरुंद. बकरी गिळलेल्या अजगरासारखा दिसतो. ट्रक दोन्ही बाजूंनी आत येऊ शकत नाही, त्यामुळे रुंद भागात लोक चारचाक्या लावतात. ओट्यांवर माणसं बसायची तिथे आता गाड्या बसतात.

मी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या लेखणीचं कौतुक केलं. महादू बोलला त्या सभेची कच्ची वही मी पिशवीत घालून घरी आणली. नियमाने आणायची नसते. जाळायला आणली की जपायला, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात पडून राहिली. बायको दर दिवाळीला झाडलोट करताना विचारायची, "ह्या वहीचा काय ठराव?" मी म्हणायचो, "तहकूब."

यंदाच्या उन्हाळ्यात नगरपालिकेतून फोन आला. आताची सभा लिपिक, चुणचुणीत मुलगी आहे. म्हणाली, "काका, आणखी तीन गल्ल्यांचे रस्ते रुंद करायचेत. तुमचा जुना तालीम गल्लीचा ठराव सापडला. संमतीचं वाक्य काय भारी आहे हो! आम्ही नमुना म्हणून तेच वापरणार. फक्त नावं बदलायची."

फोन ठेवला, कपाटातून वही काढली, ते पान उघडलं. अंगठा होता तिथेच होता. बायकोने वाचलं. संसारात तिने माझं लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं असावं. म्हणाली, "अहो, म्हणजे त्या माणसाला गल्लीनं हाकलला तो तुमच्यामुळं?" मी मान डोलावली. "मग बसलाय काय? उठा की!"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेलो. आत नाही, खिडकीपाशी. आता मी नागरिक. रांगेत उभा राहिलो. अर्ज लिहून नेला होता: 'अमुक ठरावातील संमतीचा मजकूर खोटा असून तो मी स्वतः लिहिला आहे, तरी दुरुस्ती व्हावी.' खिडकीतल्या कारकुनाने वाचला, उलटा करून बघितला.

"काका, बांधकामाचा अर्ज हाय, नळाचा हाय, दाखल्याचा हाय. खोटं लिहिलं म्हणून सांगायचा नमुना आमच्याकडं न्हाय."

"साध्या कागदावर घ्या."

"घेतो. पर घरफाळ्याची पावती जोडा. त्याबिगर आवक नंबर पडत न्हाय."

ही अट मीच एका कोऱ्या पानात घातली होती. घरी जाऊन घरपट्टीची पावती आणली.

मुख्याधिकारी तरुण बाई आहेत, समजूतदार. त्यांनी अर्ज वाचून मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही. नवा ठराव करावा लागेल, त्यासाठी विषय सभेपुढे ठेवावा लागेल.

"कधी?" मी विचारलं.

"बघते," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर ती लिपिक मुलगी जिन्यात उभी होती. तिने अर्ज वाचला होता. "ते वाक्य मी नमुन्यातून काढलं, काका," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मग एसटीने गारगोटीला गेलो. विचारत विचारत मुलीचं घर सापडलं. घराला लागून पत्र्याचं शेड, त्यात महादू बसला होता. केस पांढरे, हात तसेच काळे. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघत होता.

"काय पावणं, हवा भरायची का?" मान वर न करताच त्याने विचारलं. मग बघितलं. बुडबुडे निघत होते, पण तो माझ्याकडेच बघत राहिला. "बसा," म्हणाला.

मी बसलो नाही. वही उघडली आणि उभ्यानेच त्याचं बोलणं त्याला वाचून दाखवलं. मेव्हणा, चार हात, म्हशी, इरोध. मग पक्कं वाक्य सांगितलं, आणि ते मी माझ्या मनाने लिहिलं हेही सांगितलं. अध्यक्षांनी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनाने.

मुलगी दारात आली होती. "आबा, च्या देऊ का ह्यास्नी?"

"दे की. पावणं हायत." मग माझ्याकडे वळून, "झालं वाचून?"

"झालं."

"मला कशापायी वाचून दावताय? मी काय बोललोतो ते मला म्हाईतच हाय की. ज्यांस्नी म्हाईत न्हाय त्यांस्नी वाचा."

"गल्लीत?"

"मंग काय गारगोटीच्या बाजारात?"

"तुम्ही चला बरोबर. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"मी न्हाय येणार. मी आलो की म्हणतील, म्हादूनंच आणलाय म्हाताऱ्याला पढवून." त्याने ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. "माझी बायकू गेली तवा गल्लीतनं एक माणूस आलं न्हाय, भाऊसायेब. एक. तुमी एकटं जावा. माझ्यापायी नगं. तुमी लिवलंय, तुमीच जावा."

चहा प्यालो. फार गोड होता.

गणपतीआधी तालमीत गल्लीची बैठक असते, मांडव कुठे घालायचा वगैरे. रविवारी सकाळी मी तिथे गेलो. मंडळाचा अध्यक्ष संभा आहे, तेव्हाच्या ओटेवाल्यांपैकी एकाचा मुलगा. म्हणाला, "या भाऊसायेब, मिरवणुकीची परवानगी आणली काय?" सगळे हसले. मी म्हणालो, मला पाच मिनिटं बोलायचं आहे. संभाने वहीकडे बघितलं आणि खुर्ची दिली.

सभा कशा चालतात ते मला ठाऊक आहे. हळूहळू विषयावर यायचं, आधी दोघांचं कौतुक करायचं. मी तसं काही केलं नाही. कच्ची वही उघडून वाचली, मग पक्कं वाक्य, मग सांगितलं, हे खोटं आहे, ठरावाखाली सोडलेल्या कोऱ्या पानात मागाहून घातलेलं आहे आणि ते माझं आहे. वही सगळ्यांच्या हातातून फिरली. अंगठ्यापाशी प्रत्येकजण थांबत होता.

"म्हंजी म्हादूकाकानं संमती दिलीच नव्हती?" संभाने विचारलं.

"नाही."

"मंग आभार कुणी मानलं?"

"मी."

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि एकटं पडलं. तानूआक्का दाराशी पायरीवर बसली होती. आता पाठीत वाकली आहे. ती उठली, काठी टेकत माझ्यापुढे आली.

"एकुणीस वर्सं," ती म्हणाली. "एकुणीस वर्सं मी त्याला आभार म्हणून हाक मारली. त्याची बायकू गेली तवा आमी कुणी गेलो न्हाय, कुणाला जाऊ बी दिलं न्हाय. आनि तुमी हितनं रोज सायकलीवरनं जात हुता, व्हय? रोज जात हुता की! तोंडात किडं पडूदेत तुमच्या."

"होय," मी म्हणालो.

"आनि माझ्या बी," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मग संभा म्हणाला, "तोंडानं बोलला ते ठीक. पर उद्या तुमी नसला तर? लिवून द्या." त्याने मंडळाची वही पुढे केली. गल्लीतली साधी रेघांची वही. मी लिहिलं: महादेव यांनी विरोध केला होता, संमतीचं वाक्य खोटं आहे, ते मी लिहिलं, विसर्जनाचा पहिला हात त्यांचा होता तो माझ्यामुळे गेला. एकही विशेषण घातलं नाही. खाली सही केली. संभाने सही केली, आणखी पाच-सहाजणांनी केल्या. तानूआक्काने अंगठा उठवला.

मग ती पानाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही, पण कोरं दिसतं.

"हितं खाली मोकळं का सोडलंय?"

मी बघितलं. सह्यांखाली अर्धं पान कोरं होतं. मी सोडलं होतं. मुद्दाम नाही; बत्तीस वर्षांचा हात आहे, तो आपोआप थांबतो.

"चुकून," मी म्हणालो.

"द्या हिकडं." तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि ज्या बाईने जन्मात कागदावर अंगठ्याशिवाय काही उमटवलं नाही, तिने पेन मुठीत धरून वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत वाकडीतिकडी, कागद फाटेल अशी रेघ मारली.

संभाने महादूचा नंबर त्याच्या मुलीकडून मिळवला, फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्या हातात दिला. पलीकडे पंपाचा आवाज येत होता. मी तालमीतून बोलतोय असं सांगितलं. तो थांबला.

"लिवलं का?" त्याने विचारलं.

"लिहिलं."

"इरोध?"

"विरोध."

पंप पुन्हा दोनदा वाजला. मग तो म्हणाला, "तुमी नगा सांगू, भाऊसायेब. गल्लीतल्या कुणाला तरी द्या."

मी फोन पुढे केला. कुणी हात पुढे करेना. तानूआक्काने पदराला हात पुसले, फोन घेतला, उलटा धरला. संभाने तो सुलटा करून तिच्या कानाला लावला.

"म्हादू," ती म्हणाली, "लिवलंय रं. खाली रेघ बी मारलीया."